गोजरबाईची उत्तरपूजा

सुपरमार्केटात फरशी पुसणाऱ्या गोजरबाईला अख्खं गाव बिनडोक वाटे, आणि गाव तिला रोज नवा पुरावा देई. सोमवारी दुकानाच्या दारासमोर रस्ता ओलांडायला पांढरे पट्टे मारले, तर नगरसेवकानं त्यांना हळदकुंकू वाहून नारळ फोडला. झालं! पुजलेल्या पट्ट्यांवर पाय कोण ठेवणार? माणसं पट्ट्यांना हात जोडत आणि दहा पावलं पुढं जाऊन धावत्या टिप्परांमधून रस्ता ओलांडत.

परवा रिटायर मास्तर वामनराव असेच टिप्परखाली जाता जाता राहिले. गोजरबाईनं त्यांना पिशवीसकट मागं ओढलं.

"काऊन हो मास्तर, पोट्टे शिकवले का ढोरं? पट्ट्यावरून जा ना!"

"पूजा झाली हाय बाई. पाय कसा ठेवू?"

"इतकंच ना? थांबा, उत्तरपूजाच करून टाकू!"

तिनं फिनेलच्या पाण्याची बादली आणून पट्ट्यांवर भडाभडा ओतली. भररस्त्यात उभी बाई पाहून टिप्परवाल्यानं करकचून ब्रेक मारला.

"झालं विसर्जन. चाला आता!"

वामनरावांनी चपला काढून हातात घेतल्या आणि मगच पट्ट्यावर पाय ठेवला. मागून दहा-बारा जण निघाले, सगळे अनवाणी. गोजरबाईनं कपाळावर हात मारला, पण शेवटचा येडा पलीकडे पोचेस्तोवर ती टिप्परासमोरून हलली नाही.