खिशात मावणारा व्हेप

बस चाकूरजवळ आली अन् बघते तर दीड वर्षाच्या लेकराच्या तोंडात नवऱ्याचा धूर वढायचा व्हेप! कुणाला दिसू नये म्हणून त्यानं बोटाएवढा, खिशात मावंल असा निवडून आणलेला. थैलीत त्याचा शर्ट भरताना मी खिसा बघितलाच न्हाई. मी नुसती वरडत राहिले. शेजारच्या म्हाताऱ्या मावशीनं व्हेप वढून घेतला, पदरानं तोंड पुसलं, बस थांबवली, दवाखान्यात संगं आली. डॉक्टर म्हणले, धोका न्हाई. तवा मावशीनं कमरंची गाठ सोडून मिसरीची डबी दाखवली.

"मीबी लावती, माय. पर तीन गाठी मारून ठिवती. खिशात मावतं ते लेकराच्या तोंडातबी मावतं."

आमच्यापायी तिची बस गेली, तरी हासत होती.

आता व्हेप माझ्या कमरंच्या गाठीत हाय. नवरा सारखा मागतोय. तुम्ही दिला असता का?