खिशातला दाखला

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. सिंधूलाही नाही — आणि बेचाळीस वर्षांच्या संसारात बायकोपासून लपवलेलं एवढं एकच. ती गेली त्याला तीन महिने झाले. शाळा माझी चौथीपर्यंत, तेव्हा जसं येईल तसं लिहितो.

आधी तिचं सांगतो. ते सांगायला बरं वाटतं.

सिंधू अंगणवाडीत मदतनीस. दहावी पास. निकाल लागले की आमचा ओटा भरायचा. कुणाची पोरगी नर्सिंगला, कुणाचा पोरगा डिप्लोमाला. हातात कागदांची पिशवी आणि तोंडावर भीती. कुठल्या दाखल्यावर फी माफ होते, वसतिगृहाचा अर्ज कधी भरायचा, कुठल्या कॉलेजला एसटी वेळेवर जाते — तिला सगळं पाठ. कुणी म्हणायचं, ‘‘मावशी, बारावी तर हू द्या.’’ ती म्हणायची, ‘‘दाखला काय भाकरी हाय व्हय, भूक लागल्यावर थापायला?’’ लोक हसायचे, आणि दाखला आणायचे.

तिचा नियम गावाला पाठ आहे. शेवटच्या तारखेच्या पंधरा दिवस आधी मूळ कागद हातात पाहिजे. दहाव्याला दोन पोरी उठून बोलल्या की त्या नियमामुळं आम्ही शिकलो. मी खाली मान घालून बसलो होतो. लोकांना वाटलं, म्हातारा दुःखात आहे. होतोच. पण तो नियम कुठून आला, हे तिथं मला एकट्याला माहीत होतं.

सांगतो.

रफिकभाई आमच्या गावचे बांगडीवाले. त्यांची यास्मिन हुशार पोरगी. संगमनेरच्या फार्मसी कॉलेजात तिला राखीव जागा मिळाली होती. निम्मी फी माफ. दाखल्याच्या अर्जाच्या नुसत्या पावतीवर जागा धरलेली. नॉन-क्रिमिलेअरचा मूळ दाखला अमुक दिवशी पाच वाजेपर्यंत नगरला दाखवायचा. त्या वेळी रफिकभाई टायफॉइडनं अंथरुणाला. यास्मिन बाकीचे कागद घेऊन सकाळीच नगरला रांगेत. सिंधूला अंगणवाडीची मीटिंग. मी म्हणालो, नेवाशाच्या तहसीलमधून दाखला घेऊन मी जातो नगरला. मीच म्हणालो, कुणी गळ घातली नव्हती.

दहा वाजता दाखला माझ्या हातात पडला. शर्टाच्या खिशात घडी करून ठेवला. एसटीत बसलो. वाटेत घोडेगाव — आणि बाजाराचा दिवस. तुम्हाला जनावराचा नाद असेल तर कळेल. नसेल तर नाही कळणार, आणि न कळलेलंच बरं. म्हटलं, अर्धा तास. उतरलो.

एक काळी-पांढरी गाय होती. कास अशी भरलेली की नजर हटेना. मालकानं रुमाल टाकला, खाली माझा हात धरला, बोटं दाबून भाव सुरू झाला. आमच्याकडं सौदा असाच होतो, तोंडानं आकडा कुणी बोलत नाही. आणि मोबाईल वाजायला लागला. त्याच खिशात, दाखल्याला लागून. हात काढला की सौदा मोडतो. मी हात काढला नाही. परत वाजला. तिसऱ्यांदा वाजला. मला माहीत नव्हतं का कोण असेल? माहीत होतं. मनात म्हणत होतो, सरकारी तारीख आहे, वाढतेच. आम्ही सगळे तसंच म्हणतो. दरवेळी वाढलेली पाहिली होती.

त्या वेळी वाढली नाही.

सौदा जुळून, ओळखीच्याकडून पैसे उभे करून गाय टेम्पोत चढवेपर्यंत पाच वाजून गेले. मग यास्मिनला फोन लावला आणि म्हणालो, ‘‘सर्व्हर बंद हुता, पोरी. दाखला निघालाच न्हाई.’’ ती नुसतं ‘‘बरं, तात्या’’ म्हणाली. दाखला तेव्हा माझ्या छातीवर होता, आदल्या दिवसाची तारीख छापलेला.

घरीही तेच सांगितलं. काम झालं नाही, म्हणून बाजारात डोकावलो, असं.

सिंधूनं विश्वास ठेवला. आणि चूक स्वतःच्या अंगावर घेतली. शेवटच्या दिवसावर ठेवलं, ही माझी चूक, असं ती रफिकभाईंच्या घरी जाऊन बोलली. यास्मिनचा हात धरून रडली. मी दाराशी उभा होतो, पायात चप्पल तशीच. एक वाक्य बोलायचं होतं. नाही बोललो. त्या दिवसापासून तिचा तो पंधरा दिवसांचा नियम.

जागा गेली. वर्ष गेलं. पुढच्या वर्षी यास्मिनचं लग्न झालं. आता श्रीरामपूरला एका औषधाच्या दुकानात काउंटरवर उभी असते. गोळ्या देते, बिल दुसऱ्याच्या सहीचं. आणि ती गाय? लई दुधाची निघाली. ओट्यावर येणाऱ्या प्रत्येकाला सिंधू त्या गायीच्या दुधाचा चहा पाजायची. रफिकभाईंनाही. मी कप नेऊन द्यायचो.

सिंधू गेली तेव्हा सवाष्ण म्हणून तिचे हात भरायचे होते. रफिकभाई न बोलावता आले, हिरवा चुडा घेऊन. आता त्यांचे हात थरथरतात. थंड पडलेल्या मनगटात एकेक बांगडी चढवली. एकही फुटू दिली नाही. मला म्हणाले, ‘‘तात्या, माझ्या पोरीसाठी ताई जेवढ्या रडल्या, तेवढं सख्खं कुनी रडलं न्हाई.’’ कशाचे पैसे घेतले नाहीत.

मला माणसं फार चांगली मिळाली. अशी बायको मिळाली, की माझ्या खोटेपणातून तिनं गावाच्या पोरांसाठी चांगलं काही काढलं. असा शेजारी मिळाला. हे मी रोज म्हणतो, गोठ्यात, एकटा. माझी कमाई त्यात काही नाही.

दाखला गोठ्यातच होता. जनावरांच्या औषधाच्या डब्यात, इतकी वर्षं. काल काढला. घडीवर पिवळा पडलाय, पण अक्षर स्वच्छ आहे. उद्या सकाळी रफिकभाई दुकान उघडतील तेव्हा त्यांच्या हातात देणार आहे. त्यांना वाचता येतं. तारीख खाली, सहीच्या शेजारी आहे.