जेवायच्या आधीचा प्रश्न

भालकीत आमच्या घरामागं नागव्वाची खानावळ आहे. वर पत्रे, आत चार बाकं. मध्ये एक बोळ तेवढी, त्यामुळं रोट्या थापल्याच्या आवाजानंच मला जाग येते. नवीन माणूस बाकावर टेकला, की नागव्वा पाण्याचा तांब्या पुढं ठेवते आणि विचारते, "मराठीत बोलू का कन्नडमध्ये? मला दोन्ही सारखंच." ते ठरलं, की मग "रोटी कडक का मऊ?" उर्दूवाला निघाला तर मोडकीतोडकी उर्दूही काढते.

लोकांना याची गंमत वाटते. मला वाटत नाही, कारण हे कुठून आलं ते मला ठाऊक आहे. नागव्वा अफजलपुराकडच्या करजगीची. माहेरी कन्नडशिवाय शब्द नव्हता. लग्न होऊन आली ती मराठी बोलणाऱ्या घरात. दोन्ही घरं बसवण्णांना मानणारी, गळ्यातलं लिंग तेच, पूजा तीच. फरक फक्त बोलीचा. ताटातली भाकरी संपली की ही म्हणायची, "बेकु." अजून पाहिजे. सासू टोपल्यावर झाकण ठेवायची.

"मराठीत माग. मग वाढते."

सासूला 'बेकु' कळत नव्हतं असं कोण म्हणेल? या गावात ते कुत्र्यालाही कळतं. सून पाणी पिऊन झोपायची. नागव्वा हे सांगताना हसते. मेलेल्या माणसावर राग धरू नये म्हणतात. मी धरते.

नागव्वाकडून एका कारखान्याच्या कचेरीत दुपारचे डबे जायचे. खरं तर त्या डब्यांवरच खानावळ उभी होती. बाकावरच्या गिऱ्हाइकांवर काय चालतंय? गेल्या हंगामात तिथं नवा साहेब आला. डबे कुणाकडून घ्यायचे ते आता त्याच्या हातात.

एके दुपारी तो खानावळीतच जेवायला बसला होता. मी विरजण मागायला गेले होते. तेवढ्यात तुळजा आली, ऊसतोडीच्या टोळीबरोबर आलेली बीडकडची बाई. नागव्वानं ताट-तांब्या ठेवून आपला प्रश्न विचारला.

"मराठीच बरी, मावशे," तुळजा म्हणाली. "मला दुसरं कायबी येत न्हाई."

साहेब कन्नडमध्ये कडाडला. "हे कर्नाटक आहे. विचारायचं कशाला? कन्नडमध्ये मागेल तर वाढ, नाहीतर राहू दे उपाशी. आणि तूसुद्धा शीक आता नीट कन्नड. किती वर्षं इथलं खातेस?"

आईच्या वयाच्या बाईला चक्क 'तू'!

तुळजाला शब्द कळले नसतील, पण काय चाललंय ते कळलं. तिनं ताटावरचा हात काढून मांडीवर घेतला. तो हात आठवला की अजून माझं डोकं तडकतं. आणि खरं सांगते, मी तिथं विरजणाची वाटी धरून नुसती उभी होते.

नागव्वानं आधी तुळजाच्या ताटात दोन रोट्या टाकल्या. "जेव, बाई." मग पळी घेऊन साहेबापुढं उभी राहिली आणि खणखणीत करजगीच्या कन्नडमध्ये सुरू झाली.

"मी आईच्या पोटातून हीच भाषा घेऊन आले. सासूनं मला मराठीत मागायला लावलं, तू हिला कन्नडमध्ये मागायला लावतोस. माझ्या सासूचा कोण लागतोस रे तू?"

साहेबाच्या तोंडात घास तसाच. तो ताट सारून उठायला लागला.

"बस खाली! वाढलेलं ताट मी कुणापुढून उचलत नाही, आमचं घर दासोहाचं, आल्या माणसाला जेवू घालणारं आहे. पोटभर खा. उद्यापासून येऊ नको."

तो बसला नाही. दुसऱ्या दिवसापासून डबे बंद झाले.

मग गल्लीला कंठ फुटला. "म्हातारीला कामून नसती उठाठेव?" "माफी माग म्हणावं, त्यात काय जातंय?" आमच्या घरातलेही चहा पिता पिता म्हणाले, "न विचारता वाढलं असतं तर काय बिघडलं असतं?" मी म्हटलं, "विचारलं म्हणून तुमचं काय बिघडलं?" त्या दिवशी चहा मी पुन्हा केला नाही.

नागव्वाचा मुलगा प्रशांतकुमार गुपचूप साहेबाच्या घरी जाऊन आला. दुपारी हसत, रिकामे डबे घेऊनच खानावळीत शिरला. मी रोट्या थापायला बसले होते. डबे बंद झाल्यावर थापणाऱ्या दोघी कामाला दुसरीकडं गेल्या होत्या.

"अव्वा, जमलं! उद्यापासून डबे चालू. माफीबिफी न्हाई. फक्त ते विचारायचं सोडायचं. आला माणूस की थेट कन्नड. एवढंच."

नागव्वा चुलीतलं लाकूड मागं ओढत म्हणाली, "एवढंच व्हय?"

"एवढंच. बोल, काय सांगू त्यांना?"

तिनं पीठ झटकलं, तांब्या भरला आणि लेकासमोर बाकावर आपटला. पाणी उडून त्याच्या शर्टावर आलं.

"तुला कुठल्या भाषेत सांगू, प्रशांता? मराठीत का कन्नडमध्ये?"

"अव्वा, चेष्टा कामून करायलीस?"

"न्हाई," ती म्हणाली. "इल्ला. आणि उर्दूत पायजे असंल तर, नक्को."

प्रशांतकुमारनं डबे उचलले आणि फळीवर इतक्या जोरात आदळले की एकाचं झाकण घरंगळत दारापर्यंत गेलं. दारात एक अनोळखी माणूस उभा होता. त्यानं झाकण उचलून दिलं.

"बसा," नागव्वा म्हणाली. "मराठीत बोलू का कन्नडमध्ये?"