साहेबांची फिरती खुर्ची

माणसाचा मोठेपणा त्याच्या बुडाखाली असतो, हे मला चंदीगडला गेल्यावर कळलं. नवरा तिथल्या मोठ्या इस्पितळात संशोधनाचं काम करायचा, त्याच्यामागून मी साताऱ्याहून तिकडं गेले आणि सेक्टर सतरातल्या एका कचेरीत टायपिस्ट म्हणून लागले. तीही कच्ची, म्हणजे साहेबांची मर्जी असेतो नोकरी. त्या कचेरीत खुर्च्यांची अशी काही उतरंड होती की विचारू नका. टायपिस्टला लाकडी, बिनहातांची. हेडक्लार्कला वेताची. आणि साहेबांना फिरती, गुबगुबीत गादीची, वर पाठीवर पांढरा टॉवेल. तो टॉवेल कशाला असतो, देव जाणे. साहेब काय घरून ओलेतेच यायचे?

ते दिवस वाईट होते. पंजाबात रोज कुठं ना कुठं गोळीबार, बसमध्ये तपासणी, कचेरीच्या दारात डबासुद्धा उघडून दाखवायचा. अंधार पडायच्या आत जो तो घर गाठायचा. अशात वरून हुकूम आला, खिडक्यांना वाळूच्या गोण्या लावा. माझं टेबल नेमकं खिडकीशी. बुटकं, टायपिंगसाठीच केलेलं. बसलं की कोपर आणि मशीनची बटणं एका पातळीत यायची, खांदे सैल राहायचे. गोण्यांना जागा हवी म्हणून ते टेबल उचलून बाहेर पहाऱ्यावरच्या शिपायाला दिलं. त्यानं त्यावर चहाची किटली मांडली. मला मिळालं भलंमोठं, उंच टेबल. वर साहेब दात काढून म्हणतात, "लो मैडम, अब तो आपकी टेबल अफसरों वाली हो गई!"

कप्पाळ माझं! त्या टेबलावर मशीन ठेवलं की बटणं माझ्या छातीशी यायची. खांदे कानाला लावून, मनगटं वाकडी करून दिवसभर बडवत बसायचं. थोड्याच दिवसांत उजव्या हाताला मुंग्या यायला लागल्या. मग बोटं बधिर व्हायला लागली. एकदा चहाचा भरला कप हातातून सुटला आणि मला तो सुटल्याचं कळलंसुद्धा नाही. आवाजानं कळलं. तेव्हा मात्र मी घाबरले.

नवऱ्याच्या इस्पितळात हाडांच्या डॉक्टरीणबाई होत्या, नागपूरच्या. त्यांनी मनगट दाबून बघितलं, मला स्टुलावर बसवून हवेत टाईप करायला लावलं आणि फाडकन म्हणाल्या, "अशी बसून राहिली तू रोज? अवं, नस दबून राहिली तुझी! हात जाईल ना बाई, मग पोळी बी लाटता येणार नाही." त्यांचं म्हणणं साधं होतं. कोपर बटणांच्या उंचीला, पाठीला टेका, पाय टेकलेले, आणि अधूनमधून उठायचं. "टेबल खाली कर, नाहीतर खुर्ची वर कर," म्हणाल्या.

साहेबांना म्हटलं, टेबलाचे पाय कापून द्या. त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मी त्यांचेच पाय मागितले. मग मी घरून जाड उशी नेली. दारावरच्या जवानानं ती दाबली, हलवली, शेवटी सुरी घालून फाडली आणि कापूस उपसून बघितला. बॉम्ब नव्हता. त्याचा तरी काय दोष? पण दुसऱ्या दिवसापासून उशी आणायला बंदी. राहता राहिली खुर्ची. सबंध कचेरीत वर-खाली होणारी खुर्ची एकच, साहेबांची. बूड धरून फिरवली की वर यायची.

आता गंमत बघा. त्याच सुमारास साहेबांची कंबर धरली. धरणारच! त्या गादीत ते कमरेपर्यंत रुतायचे आणि पोक काढून सही करायचे. माझ्या नवऱ्याच्या वशिल्यानं, रांग मोडून, त्याच डॉक्टरीणबाईंकडं गेले आणि परत येऊन सगळ्या कचेरीला हसत सांगायला लागले, "कहती है लकड़ी की सीधी कुर्सी पर बैठो! मैं क्या टाइपिस्ट हूँ?"

हेडक्लार्क खो खो हसले. त्यांना पगार बहुतेक त्याचाच मिळायचा. मी उठून म्हटलं, "सर, मग अदलाबदली करू. तुमची मला लागते, माझी तुम्हाला." अर्थात हिंदीत म्हटलं, पण म्हटलं. मग साहेब हळू आवाजात म्हणाले, "कुर्सी कमर की नहीं होती मैडम, ओहदे की होती है." मला त्या माणसाची इतकी किळस आली! स्वतःचा कणा मोडला तरी चालेल, माझा हात गेला तरी चालेल, पण हुद्दा जागचा हलता कामा नये. वा रे शहाणे!

महिन्याभरात साहेबांनी अंथरूण धरलं. घरी लाकडी फळीवर झोपून असायचे म्हणे. म्हणजे शेवटी लाकूडच नशिबी आलं. इकडं खुर्ची रिकामी, आणि हेडक्लार्क रोज तिचा टॉवेल बदलून घेत होते. मी दोन-चार दिवस हा सोहळा पाहिला. मग एका सकाळी टॉवेल काढून घडी करून कपाटावर ठेवला आणि खुर्ची माझ्या टेबलाशी ओढून आणली. गादीवर एक फळी टाकली. गरागरा फिरवून वर घेतली. पाय लोंबकळायला लागले, तर त्यांच्याखाली खिडकीतली एक फुटकी वाळूची गोणी घेतली. कोपर बटणांच्या पातळीला आलं आणि माझे खांदे आपोआप खाली उतरले. मला रडूच आलं, खरं सांगते.

"मैडम, ये क्या कर रही हैं!" हेडक्लार्क. "टाईप करतेय," मी म्हटलं. त्यांनी माझ्याशी बोलणं सोडलं, त्यामुळं काम आणखी बरं व्हायला लागलं. डॉक्टरीणबाईंनी दिलेली पट्टी रात्री मनगटाला बांधायची, दिवसा त्या खुर्चीत बसायचं. मुंग्या हळूहळू हटत गेल्या.

साहेब आले ते कमरेला रुंद पट्टा आवळून, लाकडासारखे ताठ. मला बघून दारातच थांबले. आवाज चढवला नाही. इतकंच म्हणाले, "कल से मत आइएगा." मी हातातली ओळ पुरी केली आणि उठले. हेडक्लार्कनी घाईघाईनं फळी काढली, खुर्ची जागेवर नेली, टॉवेल चढवला, पण ती खाली करायचं त्यांना सुचलं नाही. साहेब तिच्यावर चढले. चढले म्हणजे अक्षरशः चढले. पाय जमिनीपासून वर, पट्ट्यामुळं वाकता येईना, आणि माझ्यासमोर "जरा खाली करा" म्हणणार कसे? बसले तसेच, ओठ दाबून, कळ सोसत.

बाहेर येऊन बसला हात केला. नोकरी गेल्याचं वाईट वाटत होतं, नाही कशाला म्हणू? बस तुडुंब भरलेली. मी उजव्या हातानं दारातला दांडा पकडला. उन्हानं तो चांगलाच तापलेला होता, आणि पाचही बोटांना चटका बसला.