मी, दाजी आणि औरंगाबादचा रस्ता

मला माझे दाजी आवडत नव्हते. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं ऐकताना कुणी मला भला माणूस समजायला नको. बहिणीचं लग्न ठरलं त्या दिवसापासून ते माझ्या मनातून उतरले होते. त्यांनाही मी डोळ्यासमोर नको असायचो. या एका बाबतीत आमचं बराबर जमायचं.

निजामाची अमदानी होती, दुसरं महायुद्ध अजून सुरू व्हायचं होतं. आमचं गाव पिंपळगाव रेणुकाई, घरची शेती. मला उर्दू लिहिता-वाचता येत होतं म्हणून जालन्यात एका जिनिंग कारखान्यात कारकुनी मिळाली आणि मी भाड्याच्या खोलीत राहू लागलो. माझी आक्का माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. ती जालन्यातच मस्तगडला दिलेली. दाजी तहसील कचेरीत होते. टोपी वाकडी घालायचे, बोलताना समोरच्याच्या डोक्यावरून बघायचे.

त्या काळात दोन-तीन वर्षं हिवाळ्यात हैदराबादहून सायकलची एक शर्यत निघायची. त्यात उतरणारे हौशी नव्हते. सायकली विकणाऱ्यांनी पगार देऊन ठेवलेले पक्के धंदेवाईक गडी होते ते, लोक त्यांना पगारीच म्हणायचे. मुक्काम करत करत ते नांदेड, परभणी मागं टाकून जालन्याला यायचे. शेवटचा टप्पा जालना ते औरंगाबाद. त्या सकाळी सगळं जालना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभं राहायचं. धुळीतून पंधरा-वीस वाकलेल्या पाठी निघून जायच्या आणि लोक आठवडाभर त्याच पाठींबद्दल बोलत राहायचे.

मग गावात खूळ शिरलं. कापडदुकानदार, मास्तर, कारकून, ज्याच्याकडे म्हणून सायकल होती तो शुक्रवारी, म्हणजे निजामाच्या राज्यातल्या सुट्टीला, पगारींच्या रस्त्यानं निघायचा. कुणी बदनापूरहून परत यायचा, कुणी करमाडहून. औरंगाबादच्या नाक्यावर, जिथं शर्यत संपायची, तिथं एक हॉटेल होतं. तिथवर पोचणाऱ्याला हॉटेलवाला चिठ्ठीवर वेळ लिहून द्यायचा. दाजींकडे अशा तीन चिठ्ठ्या होत्या. त्या त्यांनी सायकलच्या दुकानात काचेखाली लावायला दिल्या होत्या. त्यांची सायकल विलायती होती. माझी तिसऱ्या हाताची, चेन उतरणारी.

आक्काचं पहिलं बाळंतपण सासरीच झालं होतं. दाजींनी माहेरी पाठवलं नव्हतं. मूल चौथ्या दिवशी गेलं. आता तिला पुन्हा सातवा लागला होता आणि तिला पिंपळगावला आईकडं जायचं होतं. मी दोनदा विचारायला गेलो. दोन्ही वेळा दाजी म्हणाले, "बघू." तिसऱ्यांदा मी त्यांना सायकलच्या दुकानातच गाठलं, पाच-सहा माणसं बसलेली असताना. चारचौघांत नाही म्हणायला लाजतील असं मला वाटलं. ते लाजणाऱ्यांतले नव्हते.

"दाजी, आक्काला घेऊन जातो. आईचा निरोप आलाय."

"तुमच्या गावात दवाखाना हाये का?"

"पहिल्या येळेस जालन्यात होती. काय झालं?"

दाजींचं तोंड काळंठिक्कर पडलं. मग ते हसले. त्यांचं ते हसणं मला मारापेक्षा वाईट वाटायचं.

"पाव्हणं लई तापले," ते बसलेल्यांना म्हणाले. "सायकल घेतली म्हणत्यात. मंग असं करा, पगारींच्या रस्त्यानं चला माझ्यासंगं. औरंगाबादला माझ्या आधी पोचलात तर बहिणीला घेऊन जा. न्हाई पोचलात तर पुन्हा या घरात हा विषय काढायचा न्हाई."

"मंजूर," मी म्हणालो.

कुणीतरी टाळी दिली. मी शर्त लावून राह्यलो होतो ती कशावर, याचा त्या क्षणी मी विचारच केला नाही. मला फक्त त्यांना हरवायचं होतं.

पुढच्या शुक्रवारी उजाडता उजाडता आम्ही निघालो. गारठा होता, हँडलवरची बोटं बधीर झालेली. रस्ता मुरमाचा, मधोमध बैलगाड्यांच्या चाकोऱ्या. चाकोरीत चाक गेलं की बाहेर काढताना खांदे भरून यायचे. दाजी पुढं, मी त्यांच्या मागं दहा हातांवर. त्यांच्या पाठीकडे बघत मी पाय मारत होतो. त्यांना धाप लागलेली ऐकू आली की मला बरं वाटायचं.

दुधनेच्या पात्रात दोघांनी सायकली खांद्यावर घेतल्या. पाणी पोटरीएवढं. मी मुद्दाम त्यांच्या पुढं घुसलो, त्यांच्या धोतरावर पाणी उडालं. बदनापूरला गावाच्या तोंडाशीच कुत्री अंगावर आली. ओट्यावर बसलेल्यांनी हाकलली नाहीत, उलट एकानं "यू, यू" करून आणखी चेकाळवली. पगारी आले तेव्हा याच गावानं हार घातले होते म्हणे.

बदनापूर मागं पडलं आणि माझं मागचं चाक बसलं. बाभळीचा काटा, अर्धं बोट लांब. दाजी वळून थांबले. पंप त्यांच्याच सायकलला होता, चिकटवायचं सामानही त्यांच्याच पिशवीत.

"दाजी, पंप द्या."

ते एक पाय जमिनीवर टेकून बघत राहिले. मग म्हणाले, "शर्यतीत कोण कुणाला पंप देतं?"

आणि निघून गेले. रस्ता तिथं सरळ होता. बराच वेळ ते दिसत राहिले आणि मी उभ्यानं त्यांना तोंडाला येतील त्या शिव्या देत राहिलो.

आजूबाजूला कपाशी होती, वेचणीला आलेली. जिनिंगातल्या एका म्हाताऱ्या हमालानं मला एकदा सांगितलं होतं की ट्यूब फाटली तर टायरात गवत कोंबून गाडी ढकलता येते. गवतापेक्षा कापूस बरा, असा मी विचार केला. वावरात शिरलो, दोन्ही हातांनी बोंडं ओरबाडली आणि सरकीसकट टायरात ठासू लागलो. निम्मं चाक भरलं असेल, तोच बांधावरून बाईचा आवाज आला.

"कोण हाय रे? चोर! कापूस चोरून राह्यलाय!"

ढेकूळ माझ्या पाठीत बसलं. दुसरं कानाजवळून गेलं. मी हात जोडले, सायकल दाखवली, पण ती काय ऐकणार? वर्षभराच्या तिच्या कष्टावर कुणी सुटाबुटातला नव्हे, धुळीनं माखलेला एक टोणगा हात मारत होता. तिच्यामागून दोन गडी काठ्या घेऊन पळत आले. मी उरलेला कापूस सदऱ्यात कोंबून सायकल खांद्यावर टाकली आणि धूम ठोकली. एक काठी पोटरीवर बसलीच. दोन शेतं ओलांडल्यावर एका पुलाखाली बसून मी चाक पुरं भरलं. पोटरी सुजली होती. माझ्या अंगात त्या वेळी राग सोडून दुसरं काहीही नव्हतं, आणि त्या रागावरच पुढचे मैल गेले.

कापसाचं चाक धावत नाही, आदळतं. सरक्या चुरडल्याचा आवाज येत होता. करमाडच्या अलीकडे रस्ता उताराला लागतो. तिथं मला गर्दी दिसली. एक बैलगाडी चरात कलंडलेली, कडब्याच्या पेंढ्या रस्ताभर, बैल सोडून बाजूला बांधलेले, आणि गाडीवान कुणाला तरी हातवारे करून शिव्या देत होता. खाली दाजी बसले होते. टोपी कुठं गेली होती कुणास ठाऊक. उजवा हात त्यांनी डाव्यानं पोटाशी धरला होता आणि मनगटाखाली तो भलतीकडेच वळला होता. विलायती सायकलचं पुढचं चाक पापडासारखं दुमडलेलं.

उतारावर जोरात आले, घंटी बडवली, बैल बुजले. एवढं गाडीवानाच्या शिव्यांतून समजलं.

दाजींनी मला पाहिलं. त्यांचा चेहरा असा मी कधीच पाहिला नव्हता. "आलास?" एवढंच म्हणाले.

गाडीवान माझ्याकडे वळला. "हा तुमचा कोण? माझं जू मोडलं. कोण भरून देणार?"

मी दाजींकडे बघितलं. त्यांनी मान वर केली होती. मला पंप आठवला, चार दिवसांचं ते पोर आठवलं, आणि सगळ्यांत वर दुकानातलं त्यांचं हसणं आठवलं.

"मी ह्यांना ओळखत न्हाई," मी म्हणालो आणि सायकलवर बसलो.

मागून त्यांनी मला हाक मारली. माझं नाव घेऊन मारली. मी पाय मारत राहिलो. लोक आहेत, गाड्या आहेत, कुणीतरी नेईलच, असं मी स्वतःला सांगत होतो. खरं सांगायचं तर मला तेव्हा आनंद झाला होता. चिकलठाण्यापर्यंत तो टिकला. पुढं टायर रिमवरून उतरायला लागलं आणि मग आनंदही गेला, नुसती तहान राहिली.

औरंगाबादच्या नाक्यावर हॉटेलवाल्यानं माझ्या चाकातून बाहेर लोंबणारा कापूस बघितला आणि पोट धरून हसला. "ये क्या, गादी पे बैठ के आए?" मी हसलो नाही. त्यानं उर्दूत चिठ्ठी लिहून दिली. पगारींना लागायचा त्याच्या दुपटीहून जास्त वेळ मला लागला होता. चिठ्ठी खिशात घालून मी स्टेशन गाठलं आणि सायकलीसकट जालन्याच्या गाडीत चढलो.

दिवस मावळायच्या आत मी मस्तगडला दाजींच्या दारात होतो. आक्काची सासू उंबऱ्यात गहू निवडत बसली होती. ही बाई माझ्याशी कधी चार शब्द धड बोलली नव्हती. आक्काला हीच छळत असणार, असं मी धरून चाललो होतो.

मी चिठ्ठी पुढं केली. "मी जितलो. आक्काला घेऊन जायला आलोय."

तिनं चिठ्ठीकडे पाहिलंसुद्धा नाही. "ती सकाळीच गेली."

"कुठं?"

"माहेरी. तुम्ही दोघं तिकडं गेलात, हिकडं मी तिला भोकरदनच्या मोटारीत बसवलं. शेजारीण आहे संगं. पहिलं लेकरू माझ्या मांडीवर गेलं हो. दुसऱ्याला मी काय शर्यतीची वाट बघत बसू?" गव्हातला खडा तिनं अंगणात भिरकावला. "आन् माझा लेक कुठंय?"

याचं उत्तर मला द्यावं लागलं नाही. गल्लीत टांगा थांबला. आत तोच गाडीवान होता, बैल करमाडला ठेवून त्यानंच दाजींना मोटारीनं एवढ्या लांब आणलं होतं. दाजींचा हात फडक्यानं गळ्यात बांधलेला. उतरता उतरता त्यांनी मला पाहिलं.

"आई, ह्याला विचार," ते म्हणाले. आवाज अगदी शांत होता. "ह्याला विचार, मी ह्याचा कोण."

गाडीवानानं मला ओळखलं आणि सगळं सांगून टाकलं. म्हातारी उठली. मला वाटलं मारते. तिनं मारलं नाही. "हात मोडलेला माणूस टाकून आलास," ती म्हणाली. "हा काय कमी नालायक न्हाई, पण माझा हाये. तू आता ह्या दारात येऊ नको." आणि सूप उचलून आत गेली.

दुसऱ्या शुक्रवारी मी पिंपळगावला गेलो. तोवर बातमी माझ्या आधी पोचली होती. आक्का ओसरीवर पाय सोडून बसली होती. मी पिशवीतून तिच्यासाठी नेलेले पेढे काढले. तिनं ते घेतले नाहीत.

"त्यांचं मला ठाऊक व्हतं," ती म्हणाली. "तू बी तसाच निघालास. मला न विचारता मला पणाला लावलं. मी काय बाजारातली गाय हाये का?"

"तुझ्यासाठीच गेल्तो ना आक्का."

"माझ्यासाठी गेला असतास तर त्यांना घेऊन परत आला असतास. त्यांचं हाड मोडलं, त्या घरात राह्यचं मला हाये. तुला न्हाई."

आई मधे पडायला आली, तर आक्का उठून आत गेली.

मुलगी झाली आणि जगली. बारसं पिंपळगावलाच झालं, मी गेलो होतो. पाळण्याजवळ सरकलो तशी आक्कानं लेकरू उचलून सासूच्या हातात दिलं. सगळ्यांदेखत. दाजी पलीकडे बसलेले, हात वाकडाच जुळला होता, त्यांना लिहिताना कागद तिरका धरावा लागायचा. आम्ही एकमेकांकडे बघितलं नाही.

आक्का माझ्याशी पुन्हा बोलली त्याला चार वर्षं लागली, आणि तेही वडील आजारी पडले म्हणून. दाजी कधीच बोलले नाहीत. लग्नाकार्यात आम्ही एका पंगतीला बसत नाही, वाढपी आम्हाला ओळखून पानं मांडतात. मी त्यांची माफी मागितली नाही. मागावीशी वाटली असं म्हणालो तर ते खोटं होईल. पंप त्यांनी दिला नव्हता. हाक त्यांनी मारली होती. दोन्ही गोष्टी मला सारख्याच स्पष्ट आठवतात, आणि त्यातली एकही दुसरीला पुसत नाही.

भाची आता मोठी झाली आहे. परवा पिंपळगावला तिनं मला विचारलं, "मामा, तुमचं आन् बाबांचं कशावरून बिनसलं?" मी म्हणालो, "तुझ्या आईला विचार." तर आक्का चुलीपुढून म्हणाली, "मला नका मधी घेऊ आता." आणि भाकरी थापत राहिली.