एक लाख अठरा हजार पेशी आणि बंद केलेली गोळी

"तुमचं मशीन बरोबर मोजतं ना?" विलासने मोबाइल काउंटरवर आपटला. स्क्रीनवर आमच्याच लॅबचा रिपोर्ट होता. त्याचे काका, असोद्याचे नाना, मागे बाकावर बसले होते.

"दोनदा मोजलंय," मी म्हणालो.

"मग नानांची गोळीच बोगस. पाच दिवस झाले, मी बंद केली."

"बंद केली?" जळगावात बावीस वर्षं मी लॅब टेक्निशियन आहे, पण काउंटरवर माझा आवाज इतका कधी चढला नव्हता.

नानांना रक्ताचा, सावकाश वाढणारा कॅन्सर. गोळीआधी पांढऱ्या पेशी बासष्ट हजार होत्या. तीन आठवड्यांनी एक लाख अठरा हजार. विलासचं कृषी सेवा केंद्र. त्याचा हिशोब सरळ होता. "फवारणीनंतर कपाशीवरचा मावा वाढला, तर आपण औषध बदलतो."

"नाना म्हणजे कपाशी आहेत का? डॉक्टरांना विचारलंस?"

"आकडा समोर दिसतोय, विचारायचं काय?"

मी नानांना विचारलं, "मानेच्या गाठी कशा आहेत?"

"बसल्या होत्या ना भो. शर्टाचं वरचं बटन लागे. दोन दिवसापासून पुन्हा दाटू राह्यलं. पन हा ऐके तर ना!"

विलासने नानांच्या मानेकडे पाहिलं.

मग मी त्याला समजावलं. प्रतिकार करणाऱ्या बी-पेशीच्या अंगावर रिसेप्टर असतो. ती दारावरची बेल समजा. जंतू आला की बेल वाजते. पेशी जागी होते, तगते, वाढते. नानांच्या आजारात गाठींमध्ये ही बेल विनाकारण वाजत राहते. गोळी बेलची आतली वायर तोडते. मग पेशींची गाठीतली पकड सुटते आणि त्या रक्तात उतरतात. यात्रा उठली की बसस्टँडवर गर्दी होते. माणसं वाढलेली नसतात, फक्त हललेली असतात. रक्तात त्यांना गाठीतला आधार मिळत नाही, म्हणून त्या हळूहळू मरतात. आम्ही मोजतो ते फक्त रक्त.

लगेच मी नानांच्या कॅन्सरच्या डॉक्टर मॅडमना फोन लावला.

"असा आकडा चढणार, हे मी नानांना सांगितलं होतं. पण रिपोर्ट मला का नाही आला?"

मी नानांचा फॉर्म काढला. डॉक्टरांच्या रकान्यात 'स्वतः' लिहिलं होतं. त्या दिवशी नाना चिठ्ठी विसरले होते, तेव्हा रकाना भरायचा म्हणून लिहिलं. 'स्वतः' असलं की रिपोर्ट फक्त घरच्यांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर जातो, वाढलेला आकडा लाल ठळक अक्षरांत. फॉर्मवरचं अक्षर माझं होतं.

"चूक माझीही आहे, मॅडम."

"ते नंतर. नानांना आत्ता पाठवा."

मॅडमनी तपासून त्याच संध्याकाळी गोळी पुन्हा सुरू केली. दहा दिवसांत गाठी बसल्या. रक्तातला आकडा मात्र घाई करत नव्हता. बासष्ट हजारांच्या खाली यायला त्याला सात महिने लागले. विलास दर वेळी रिपोर्ट न्यायला येतो आणि माझ्याशी बोलत नाही. माझी हरकत नाही.

आता चिठ्ठी नसेल तर मी पेशंटला डॉक्टरांचं नाव विचारतो, फोन करून खात्री करतो, मगच सुई टोचतो. रांग कुरकुरते. आकडा बरोबर काढणं हे अर्धंच काम आहे. तो ज्याला कळतो त्याच्या हातात पडला नाही, तर बरोबर आकडाही पेशंटचं नुकसान करतो.