माझं नाक आणि विजू

विजूला जाऊन पाच आठवडे झाले, तरी माझा गोंधळ सरलेला नाही. आमच्या कुणकेश्वरात मोबाइलला रेंज गच्चीतच मिळते, तिथेच मी तो फोन घेतला. पुण्याहून तिच्या प्रयोगशाळेतली मुलगी म्हणाली, "विजयाताई गेल्या." मी म्हणालो, "बरं, आल्या की फोन करायला सांगा." पलीकडची मुलगी रडायला लागली, तेव्हा कुठे मला कळलं. सकाळी विजू कामावर आली, डोकं दुखतंय म्हणून बसली, आणि मेंदूत रक्तस्राव... अशी ती गेली.

आमची घरं शेजारी, शाळेत वर्गही एकच. तिची आई, आमची काकी, मासे विकायची. घरात त्या दोघीच. माझं नाक लहानपणापासून चोंदलेलं, कपाळ कायम जड. वर्गात सगळे मला 'शेंबड्या' म्हणायचे, विजूसुद्धा. पुढे ती पुण्याला गेली आणि नेमकी याच दुखण्यावर संशोधन करू लागली. मी हायस्कुलात इतिहास शिकवत राहिलो. शेवटी तीच मला ऑपरेशनला घेऊन गेली, आणि माझी परवानगी घेऊन नाकातल्या सुजलेल्या अस्तराचा तुकडा प्रयोगशाळेत नेला. त्यातून जोडऊतीच्या पेशी वाढवल्या. जखम सांधणाऱ्या, शरीराला धरून ठेवणाऱ्या पेशी त्या. सुट्टीत आली की पडवीत बसून मला समजावायची. "सगळ्यांका वाटता, ह्यो नुसती डागडुजी करतत. पण ह्योच सूज बोलावन आणतत, आणि मगे थांबूक विसरतत." मी विचारलं, "मगे तू थांबवतलस कशी?" ती हसली. "ताच तर कळणा नाय रे दिगू." मला निम्मंच कळायचं, तरी मी मान हलवायचो. ती बोलत राहावी एवढंच मला हवं असायचं. हे तिला कधी सांगितलं नाही, आता इथे लिहितो आहे.

गेल्या आठवड्यात त्याच मुलीचा पुन्हा फोन आला. अतिथंड टाकीतल्या नळ्यांमधले जुने नमुने आवरायचे होते. "तुमच्या पेशी ठेवू की काढून टाकू?" मी काही म्हणायच्या आत ती अडखळत पुढे बोलली, "आणि... ताईंच्याही आहेत." सुजलेल्या नाकाशी ताडून बघायला निरोगी नाक लागतं. विजूच्या नाकाचं हाड सरळ केलं तेव्हा तिने स्वतःच्याच अस्तराचा तुकडा दिला होता. मी विचारलं, "जिवंत आहेत?" "हो. बाहेर काढून ऊब दिली की वाढतात. त्यांच्या आईंना विचाराल का?"

दोन दिवस मी नुसता घरात येरझारा घालत होतो. रक्षा आम्ही इथल्याच समुद्रात सोडली होती. बाराव्याला भटजींनी सगळं यथासांग झालं म्हणून सांगितलं, दक्षिणाही घेतली. मग पुण्यात उरलंय ते काय? विजू की विजूचा नमुना? काकीला सांगावं तर तिची जखम पुन्हा उघडायची, न सांगावं तर लपवणारा मी कोण? इतिहासाच्या मास्तराला याचं उत्तर कुठल्या पुस्तकात सापडायचं...

शेवटी गेलो. काकी पडवीत सुपात सुकट निवडत बसली होती. जमेल तसं सांगितलं. तिचे हात थांबले. सूप तिने बाजूला सारलं.

"म्हंजे इतकीशी विजू जिती आसा?"

"इतकीशी. पण काकी, तां म्हंजे विजू न्हय..." मला तरी कुठे ठाऊक होतं?

"टाकूक सांगू, की रवांदेत?" मी विचारलं.

"थंय ती एकटीच आसा?"

"नाय. बाजूच्या नळीत मी आसंय."

काकीने माझ्याकडे पाहिलं, पदराने डोळे पुसले, आणि सूप पुन्हा पुढ्यात ओढलं.

"मगे रवांदेत," ती म्हणाली, "दोगांय."